बारावी निघते, पण पदवीचं पहिलं सेमिस्टर का अडतं?

बारावी सायन्सला ६२ टक्के मिळवलेला मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला तीन पेपरांत नापास होतो. घरचे म्हणतात, मोबाईल घेऊन दिला तिथंच चुकलं. कॉलेजात म्हणतात, पोरगं वर्गात असतं पण लक्ष नसतं. पोरगा काहीच म्हणत नाही. त्याने मनातल्या मनात निकाल लावून टाकलेला असतो, की हे आपलं काम नव्हे.

तिघांचंही निदान चुकतं. पाचवी ते दहावीच्या दरम्यान चार-सहा ठरावीक गोष्टी शिकायच्या राहून गेलेल्या असतात आणि पदवीचा अभ्यासक्रम त्या येतात असं धरून पुढे निघतो. या राहिलेल्या गोष्टी शोधता येतात, मोजता येतात आणि काही आठवड्यांत भरूनही काढता येतात. फक्त त्या आहेत हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत नेमकं तिथंच घोडं अडतं.

६२ टक्क्यांच्या आत काय असतं

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पेपर १०० गुणांचा दिसतो. त्यात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. प्रात्यक्षिकाला २७-२८ गुण सर्रास मिळतात. म्हणजे ज्याला विषयात ६२ पडले, त्याचे लेखीचे ३४-३५ असू शकतात, ७० पैकी जेमतेम निम्मे. हे निम्मे कुठून आले तेही बघावं लागतं. मागच्या पाच वर्षांचे पेपर, गाइड, व्याख्या, फरक लिहा, आकृत्या. उदाहरणं सोडवायचे प्रश्न पर्यायात टाकले तरी गाडी निघते. यात मुलाची लबाडी नाही. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सला वर्षभर शिक्षकच नाही, तिथं त्याने हाताशी असलेल्या साधनांनी परीक्षा काढली, एवढंच. पण आकडेमोडीला हात न लावता बारावी निघते, पदवीचं पहिलं वर्ष तसं निघत नाही.

त्याच्याही मागे जायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. त्या कल्पनेचे दोन भाग होते: मुलाला खाली ठेवायचं नाही, आणि जे येत नाही ते वर्षभर जादा मदत देऊन शिकवायचं. पहिला भाग गावोगाव पोहोचला, दुसरा बऱ्याच ठिकाणी नाही. (२०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, पण आज कॉलेजात असलेली मुलं त्याआधीची आहेत.) ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची तपासणी होती. जवळपास चौघांतल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. हा आकडा देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे, विदर्भाचा नव्हे. पण पहिल्या वर्षाच्या वर्गात उभं राहणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

पुढच्या दोन-तीन वर्षांत याला आणखी एक कारण जोडलं जाणार आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पाचवीपासून पुढचे वर्ग नीट सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. २०२०-२१ मध्ये जी मुलं पाचवी-सहावीत होती, ती २०२७ आणि २०२८ मध्ये पदवीला येतील. दशांश अपूर्णांक आणि ऋण संख्या याच इयत्तांत शिकवतात. कॉलेजांनी आत्तापासून तयारी ठेवायला हवी ती यासाठी.

एक उदाहरण, अगदी जवळून

पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रातला साधा प्रश्न घेऊ. द्रावणात हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिटरला ०.०००२ मोल आहे, पीएच काढा. पीएच म्हणजे या प्रमाणाचा लॉग घ्यायचा आणि त्याचं चिन्ह उलटं करायचं. सूत्र एका ओळीचं, सगळ्यांना पाठ.

आता पायऱ्या बघा. ०.०००२ म्हणजे २ गुणिले १० चा उणे चौथा घात. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज: २ चा लॉग ०.३०१०, दुसऱ्याचा उणे ४. बेरीज उणे ३.६९९. चिन्ह उलटं केलं की उत्तर ३.६९९, म्हणजे साधारण ३.७.

वर्गात ६० मुलं असतील तर चुकलेली उत्तरं साठ तऱ्हांची येत नाहीत. तीन-चार तऱ्हांची येतात आणि प्रत्येक तऱ्हा एका इयत्तेकडे बोट दाखवते. ज्याचं उत्तर २.७ आलं, त्याने दशांश चिन्हानंतरची घरं चुकीची मोजली, चारऐवजी तीन. ही पाचवी-सहावीची दशांशातली चूक. ज्याचं ४.३ आलं, त्याने ०.३०१० आणि उणे ४ यांची बेरीज उणे ४.३०१० केली, म्हणजे वेगळ्या चिन्हांच्या संख्या मिळवताना वजाबाकी करायची असते हे सुटलं. सहावीचा पूर्णांक संख्यांचा धडा. ज्याचं १.२ आलं, त्याने ०.३०१० ला ४ ने गुणलं. त्याला खालचं सगळं येतं, फक्त लॉगचा नियम कच्चा आहे, तो एका तासात पक्का होईल. आणि ज्याने वही कोरीच ठेवली त्याला बहुधा ‘उणे घात’ दिसल्यावर पुढे काही सुचलंच नाही.

चौघांनाही शून्य गुण. चौघांच्याही नावापुढे ‘केमिस्ट्री कच्चं’. खरं तर यांतल्या एकाचीच अडचण लॉगची आहे. बाकीच्यांना केमिस्ट्रीचा पूर्ण धडा पुन्हा शिकवून काही उपयोग नाही. त्यांना दशांश, चिन्हं आणि घातांक हवेत. रिमिडियल (मागे पडलेल्यांसाठीचे जादा) वर्ग बहुतेक ठिकाणी फसतात ते याच कारणाने: जे समजलं नाही तेच, तसंच, थोड्या मोठ्या आवाजात परत सांगितलं जातं. हीच गोष्ट भौतिकशास्त्रात सूत्र उलटवताना, बी.कॉम.ला भागीदारीचं गुणोत्तर बदलताना, गृहअर्थशास्त्रात आहाराचं प्रमाण काढताना दिसते.

वर्षभर असं चाललं की मुलगा सवयीने एक पळवाट शोधतो: उदाहरणच पाठ करायचं, आकड्यांसकट. पेपरात आकडे बदलले की सगळं कोसळतं. ‘एवढा अभ्यास केला तरी नाही निघालं’ असं तो सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तास त्याने खरंच घातलेले असतात, रात्रीचे, आणि बरेचदा इतरांपेक्षा जास्त.

शब्द अडवतात ते भलतेच

मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत जातो आणि पदवीलाही तेच पुढे चालतं. सगळ्यांना वाटतं की अवघड वैज्ञानिक शब्द त्याला अडवतात. तसं क्वचितच होतं. ‘ऑस्मोसिस’, ‘व्हॅलन्सी’ हे शब्द सर फळ्यावर लिहितात, समजावतात, तेच शब्द पन्नासदा येतात. अडवतात ते कुणीच न समजावलेले साधे जोडशब्द: ‘हेन्स’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘विथ रिस्पेक्ट टू’, ‘अझ्यूम’, ‘नेग्लिजिबल’, ‘अनलेस’. वाक्यातली कारण आणि परिणाम यांची गाठ या शब्दांनीच बांधलेली असते. ते सुटले की मुलाच्या हाती सुटे तांत्रिक शब्द राहतात आणि तो ते पाठ करतो. असे शब्द दीडशेच्या आसपास असतात. रोज पाच घेतले तर महिन्याभरात उरकतात. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरण्याआधी हे करावं, कारण तिथं हे शब्द शिकवत नाहीत.

बी.ए. आणि बी.कॉम.ला पेपर मराठीतून लिहिता येतो, म्हणून तिथं भाषेची अडचण नाही असं समजतात. ती तिथं वेगळ्या रूपात येते. इतिहासाचा प्रश्न बघा: ‘१८५७ च्या उठावाच्या अपयशाची कारणमीमांसा करा.’ मुलगा काडतुसांपासून सुरुवात करतो. मंगल पांडे, मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी, अडीच पानं भरून माहिती लिहितो. सगळी बरोबर. शेवटी दोन ओळी, की इंग्रजांकडे शस्त्रं जास्त होती म्हणून उठाव फसला. दहापैकी तीन गुण पडतात आणि त्याला ते अन्यायाचे वाटतात. त्याने ‘१८५७’ वाचलं आणि माहीत असलेलं सगळं ओतलं. ‘अपयशाची’ आणि ‘कारणमीमांसा’ हे दोन शब्द डोळ्यांखालून गेले, पण त्यांनी त्याला थांबवलं नाही. शाळेत ‘माहिती लिहा’ एवढंच विचारलं जायचं. ‘विशद करा’, ‘चिकित्सा करा’, ‘परीक्षण करा’, ‘सोदाहरण स्पष्ट करा’ यांत काय फरक आहे हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. प्राध्यापकांना ते इतकं उघड वाटतं की सांगावं असं त्यांच्या मनात येत नाही.

हेही लक्षात घ्यावं की मेळघाटातल्या कोरकू घरातल्या मुलीला, यवतमाळच्या कोलाम पोडावरच्या (वस्तीवरच्या) मुलाला किंवा गडचिरोलीतल्या माडिया-गोंड घरातल्या कुणाला पुस्तकी मराठी ही तिसरी भाषा असू शकते. घरची एक, बाजाराची वऱ्हाडी किंवा झाडीबोली दुसरी, पुस्तकाची तिसरी आणि इंग्रजी चौथी. अशा मुलांची उत्तरं तुटक असतात म्हणून समज तुटक आहे असं मानणारा परीक्षक चुकतो.

पंधरा आठवड्यांतले साडेनऊ

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक; थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास असा हिशेब आहे. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला ६० तास, १५ आठवड्यांत आठवड्याला ४. आता गावाकडून येणाऱ्या मुलाचे यातले किती तास जातात ते मोजू.

जुलैमधले पहिले तीन आठवडे कागदांत: टीसी, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारला बँक खातं जोडणं, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा फॉर्म. तहसीलच्या चकरा होतात त्या कॉलेजच्या वेळेतच. १२ तास गेले. मग दसऱ्यापासून सोयाबीनची सोंगणी आणि लगेच कापसाची वेचणी. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे त्याच सुमाराला धानाची कापणी. मजूर मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून पोरगा वावरात. अडीच आठवडे, १० तास. ६० मधून २२ गेले, उरले ३८. हजेरी भरते ६३ टक्के आणि नियम ७५ चा. इकडे विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी वेचणी रंगात असताना येते. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत पूर्व विदर्भात मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, वर्षातली रोख कमाईची हीच मोठी संधी. बुडालेले तास आळसाने बुडालेले नसतात, पण वर्गातली पायरी बुडाली ती बुडालीच.

अपडाऊन करणाऱ्यांचं आणखी एक नुकसान असतं, ते कुठल्या हजेरीपटावर दिसत नाही. एसटीच्या मासिक पासमध्ये विद्यार्थ्याला तिकिटाचा एक तृतीयांशच भार पडतो, त्यामुळे खर्च पेलतो. पण गावाकडे परतायची गाडी दुपारी एक आणि मग थेट सायंकाळची. एकची पकडली तर दुपारचं प्रॅक्टिकल बुडतं. सायंकाळची पकडली तर घरी पोहोचायला अंधार, आणि मुलींना घरून ते चालत नाही. लायब्ररी, सरांना भेटून शंका विचारणं, मित्रांसोबत बसून गणित सोडवणं, हे सगळं तासांच्या मधल्या आणि नंतरच्या वेळात होतं. अपडाऊनवाल्याकडे तो वेळच नसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाची पद्धत संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे छोटे-छोटे पेपर मिळून सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. बारावीच्या सहा विषयांतून आलेल्या मुलाला हे आठ-दहा तुकडे सांभाळताना कुठल्याची असाइनमेंट कधी द्यायची हेच कळत नाही. अंतर्गत गुण असे हातचे जातात. पहिल्याच आठवड्यात एका कागदावर तक्ता करावा: विषय, क्रेडिट, अंतर्गत गुण कशाचे, तारीख, कुणाकडे द्यायचं. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. वर्गशिक्षकाने हा तक्ता फळ्यावर करून घेतला तर एका तासात पन्नास मुलांचं काम होतं.

या धोरणातली एक सोय पालकांना माहीत हवी. वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम झाला असेल तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, आणि यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे ३ वर्षांच्या आत परत येऊन एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. घरात आजारपण निघालं, नापिकी झाली, तर न सांगता गळून जाण्यापेक्षा कॉलेजच्या ऑफिसात रीतसर विचारून थांबावं. मिळवलेले क्रेडिट मुलाच्या क्रेडिट-खात्यात राहतात.

‘समजलं का?’ ‘हो सर’

वर्गात सर विचारतात, समजलं का? सगळे म्हणतात, हो सर. हा संवाद रोज होतो आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘सर, मले समजून नाही राह्यलं’ हे वाक्य म्हणायला मुलाला दोन भिंती ओलांडाव्या लागतात. आपल्याला येत नाही हे साठ जणांसमोर कबूल करणं ही पहिली. ‘मले’ म्हटल्यावर शहरातली पोरं हसतील ही दुसरी. ती दुसरी भिंत पहिलीपेक्षा उंच असते. मग तो शेवटचा बाक पकडतो, जर्नल शेजाऱ्याचं उतरवतो, व्हायव्हाच्या दिवशी ‘तब्येत बरी नव्हती’ असं सांगतो. बाहेरून हे बेफिकिरीसारखं दिसतं. आतून ती लाज असते.

ज्या घरात कुणी आधी कॉलेजात गेलेलं आहे, तिथं पहिल्या सेमिस्टरला विषय राहिला तर मोठी बहीण सांगते, ‘अरे, माझाही राहिला होता, पुढच्या वेळी निघतो.’ एवढ्या एका वाक्याने मुलगा तरतो. ज्याच्या घरातलं तोच पहिलं माणूस आहे, त्याला हे सांगायला कुणी नसतं. त्याच्या हिशेबी एक बॅक म्हणजे शेवटचा निकाल. मुलींच्या बाबतीत तर एक विषय राहिला की घरात लग्नाचा विषय निघतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या, बॅक काढून पुढे गेलेल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना पहिल्या महिन्यातच वर्गात बोलवावं. त्यांनी कोणता विषय राहिला, कसा काढला, किती वेळ लागला एवढंच सांगावं. मोठ्या वक्त्याच्या प्रेरणादायी भाषणापेक्षा ही वीस मिनिटं उपयोगी पडतात.

नॅकच्या म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीसाठी कॉलेजं ‘स्लो लर्नर’ अशी यादी करतात. ही यादी मुलांना दाखवू नये, आणि शक्य तर तो शब्दच सोडावा. ज्याची सहावीची एक पायरी राहिली आहे तो मंद नाही. पायरी दाखवली की हीच मुलं भराभर चढतात.

पायरी शोधायची आणि भरायची कशी

आधी तपासणी. पहिल्या आठवड्यात २० प्रश्नांचा, ३० मिनिटांचा, मराठीतला एक पेपर द्यावा. अपूर्णांकाचे ४, ऋण-धन चिन्हांचे ३, दशांश व घातांकाचे ४, शेकडेवारी व गुणोत्तराचे ४, एककं बदलण्याचे २ (मिलिलिटरचे लिटर वगैरे) आणि सूत्र उलटवण्याचे ३, जसं की वेग = अंतर ÷ वेळ यातून वेळ काढा. कॅल्क्युलेटर नको. एकूण गुण मोजू नयेत आणि वर्गात नावानिशी वाचून तर मुळीच दाखवू नयेत. प्रत्येक मुलापुढे कोणता गट चुकला एवढीच खूण करावी. ज्याने अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलं (छेद-छेद, अंश-अंश मिळवून), त्याला बाकी काही न देता आधी अपूर्णांक द्यावेत. कला शाखेसाठी दहा ओळींचा उतारा, त्यावर तीन प्रश्न, आणि ‘हे कारण आहे की परिणाम’ असं ओळखायची पाच वाक्यं पुरतात.

कॉलेजने नाही घेतला तरी मुलगा हा पेपर स्वतः घेऊ शकतो. सातवी आणि आठवीच्या गणिताच्या बालभारतीच्या पुस्तकांतला प्रत्येक सरावसंचातला शेवटचा प्रश्न सोडवून बघायचा. अडला तो धडा आपला. पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पदवीला असताना सातवीचं पुस्तक उघडायला लाज वाटते, हे खरं आहे. ते खोलीत उघडावं.

मग भरणं. रोज ४० मिनिटं, आठवड्याला ६ दिवस, ६ आठवडे. एकूण २४ तास. दोन क्रेडिटच्या एका पेपरला ३० तास लागतात, त्याहून हे कमी आहे. ४० मिनिटांपैकी पहिली १० काल सोडवलेल्या प्रकारची पाच उदाहरणं पुस्तक न बघता, पुढची २० आजचा प्रकार, शेवटची १० आपल्या पदवीच्या विषयातलं असं उदाहरण ज्यात हीच पायरी लागते. शेवटच्या दहा मिनिटांचं महत्त्व सर्वांत जास्त. ते गाळलं की सातवीचं गणित सातवीतच राहतं आणि केमिस्ट्रीच्या पेपरात उपयोगी पडत नाही. सोयाबीन निघायच्या आत हे आटपायचं असेल तर जुलैच्या शेवटी सुरुवात हवी.

इंग्रजीसाठी एक साधी, फारशी कुणी न वापरलेली युक्ती आहे. बालभारतीचं नववी-दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत आहे आणि धडे तेच आहेत. दोन्ही शेजारी ठेवायची. मराठीतला परिच्छेद आधी वाचायचा, मग इंग्रजीतला तोच. अर्थ आधीच माहीत असल्याने डोकं फक्त वाक्याच्या बांधणीवर काम करतं. जोडशब्दाखाली रेघ मारायची. रोज एक परिच्छेद, १५ मिनिटं. दोन महिन्यांनी पदवीच्या पुस्तकातलं पान पूर्वीइतकं परकं वाटत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीतही एक बदल हवा. नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्या की सगळं ओळखीचं वाटू लागतं आणि मुलगा समजतो की येतंय. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेपरात आठवावं लागतं. म्हणून त्याच रात्री कोरा कागद घेऊन आजच्या तासातलं जे आठवेल ते लिहायचं, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी तेच परत. एसटीत उभं राहून हे मनातल्या मनातही होतं, कागद नसला तरी चालतो. समजावणी वऱ्हाडीत करायची, उत्तर इंग्रजीत लिहायचं. विचार करायला स्वतःची बोली वापरणं हा मागासपणा नाही, तिथंच समज पक्की होते. उत्तरही आपल्या भाषेत लिहिता येईल का हे विद्यापीठात विचारून घ्यावं. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांनाही स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत असं विद्यापीठांना सुचवलं आहे.

शिक्षकांकडे वेळ कमी असतो हे मान्य. बऱ्याच कॉलेजांत निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात आणि त्यांच्या नेमणुकाही उशिरा होतात. तरीही दोन गोष्टी फुकट आहेत. ‘समजलं का?’ ऐवजी तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत नाव न लिहिता एका चिठ्ठीवर ‘आज कुठे अडलं’ हे लिहून घ्यायचं, बोलीत लिहिलं तरी चालेल असं सांगून. साठ चिठ्ठ्या वेगळ्या करायला दहा मिनिटं लागतात आणि उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं. दुसरं, उदाहरण सोडवताना मधली ओळ गाळायची नाही. फळ्यावर ‘सोपं आहे, तुम्ही करा’ म्हणून गाळलेली ओळ हीच नेमकी मुलाची राहिलेली पायरी असते.

निकाल लागल्यावर

विषय राहिला तर लगेच क्लास लावण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. त्यासाठी निकालानंतर थोडेच दिवस मिळतात आणि थोडी फी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच ऑफिसात तारीख विचारावी. छायाप्रत हातात आली की गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक खूण करायची: ‘माहीतच नव्हतं’, ‘माहीत होतं पण करता आलं नाही’, ‘प्रश्न वेगळाच समजला’. पहिल्या खुणा जास्त निघाल्या तर बुडालेले तास भरायचे, ज्याच्या नोट्स नीट आहेत अशा मित्राला गाठून. दुसऱ्या जास्त असतील तर वरची २० प्रश्नांची तपासणी परत, आणि ६ आठवडे. तिसऱ्या जास्त असतील तर मागच्या पाच पेपरांतले प्रश्न घेऊन फक्त क्रियापदाखाली आणि विचारलेल्या नेमक्या बाबीखाली रेघ मारायचा सराव, उत्तर न लिहिता, रोज दहा प्रश्न. छायाप्रत घरीही दाखवावी. अडीच पानांच्या उत्तराला तीन गुण का पडले हे बापाला वाचून दाखवलं, की पोराने अभ्यासच केला नाही हे म्हणणं बहुधा थांबतं.